आषाढातली ओली पाटी

नलू माझ्या दारात पहिल्यांदा आली ती शिळं पापलेट ताजं म्हणून विकायला. मी कल्ला उचलून बघितला आणि म्हटलं, "याला पाणी सोडून तीन दिवस झाले." ती शांतपणे म्हणाली, "दोन." त्या दिवसापासून आमचं जमलं. त्याला आता बावीस वर्षं होतील.

नवापूरहून सकाळी सहाजणी एका रिक्षात कोंबून बसतात, बोईसरला उतरतात आणि आपापल्या पाट्या घेऊन पांगतात. नलू आधी आमच्या इमारतीत येते, मग बाजारात जाऊन गावातल्याच ठकीच्या शेजारी बसते. आमचा मजला तिसरा, लिफ्ट असून नसल्यासारखी, तिच्या डोक्यावर पाटी आणि वय अठ्ठावन्न. तिला धाप लागलेली मी कधी बघितली नाही. धाप मला लागते, तिला दार उघडायला उठताना.

शिक्षण चौथी, पण मोजणीत तिचा हात धरणारं कोणी नाही. बोंबील मोजताना पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, दोन्ही हातांनी, गप्पा मारत, आणि शेवटी वर एक फुकटचा. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. ब्यूरेटचं रीडिंग दोनदा बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, हे सांगून सांगून माझा घसा गेला. नलूला काही दोनदा मोजावं लागत नाही. ही गोष्ट पुढे आम्हाला नडली.

तिचा नवरा पुंडलिक. मी त्याला चारदोनदाच भेटले, पण तेवढं पुरे होतं. गुडघे गेल्यापासून होडीवर जाणं सुटलेलं, उंबऱ्यावर बसून जाळी विणायचा आणि दुरुस्त करायचा. आवाज असा, की होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून जेवायला बोलवावं. बोटात काटा गेला तरी अख्खी आळी गोळा करायचा. आणि विसराळू. काडेपेटी आणायला पाठवला तर कोणाच्या तरी साखरपुड्याची बातमी घेऊन परत यायचा, काडेपेटीशिवाय.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, नलू पाटी उचलत होती तेव्हा तो म्हणाला, "थांब गं जरा. एक सांगायचंय." तेवढ्यात बाहेर चिंधूच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. चिंधूचा नियम असा, की हॉर्न तीनदा वाजवणार आणि चौथ्याला रिक्षा सोडणार. या नियमातून त्याच्या सख्ख्या बहिणीलाही सूट नाही. नलू म्हणाली, "सांजचं सांग," आणि धावली. अकरा वाजता बाजारात निमेशचा, म्हणजे तिच्या मुलाचा, फोन आला. पुंडलिकनं जाळ्यावरच मान टाकली होती. हृदयविकाराचा झटका.

चौदाव्या दिवशी नलू माझ्या दारात उभी होती, पाटी घेऊन. मी म्हटलं, "अगं, आणखी चार दिवस घरी बसायचंस." ती म्हणाली, "घरात बसून काय करू? भिंती मासळी घेत नाय." मला रडकी माणसं सोसत नाहीत. नलू रडकी नाही. म्हणून तिनं पुढे जे सांगितलं ते मी ऐकून घेतलं, नाहीतर स्वप्नं सांगणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते.

यंदाच्या जूनची गोष्ट. पावसाळ्याचे दोन महिने मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, ओली मासळी नाही, नलूच्या पाटीत सुका जवळा आणि सुके बोंबील. घाई नसते, त्यामुळे ती माझ्या स्वयंपाकघरात फतकल मारून चहा पिते. त्या दिवशी बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "बाई, तो येतो."

"कोण?"

"निमेशचा बापूस." नवऱ्याचं नाव ती घेत नाही, तो असतानाही घेत नसे. "महिन्या-दोन महिन्यांतून सपनात येतो. उंबऱ्यावर बसतो जाळं घेऊन, आनि बोलतो, थांब जरा, एक सांगायचंय."

"मग विचार ना त्याला, काय सांगायचंय."

"तेच तर होत नाय. मना तवा ठाऊकच नसतं का तो मेलाय. मना वाटतं रोजच्यासारका बसलाय. मग मी भांडते. मागल्या टायमाला राकेलवरून भांडली. बाई, आमच्या घरात राकेल येऊन किती वर्सं झाली? माणूस वरून खाली आला आनि मी त्याच्याशी राकेल बोलली. मग चिंधूचा हॉर्न वाजतो, मी पाटी उचलते, धावते, आनि जाग येते."

मी हसले. तीही हसली. मग बशी खाली ठेवून म्हणाली, "छातीत दुकत असंल त्याच्या. तेच सांगायचं असंल. थांबली असती तर?"

हे तिनं दोन वर्षांत मला एकदाही सांगितलं नव्हतं. निमेशलाही नाही. निमेश कुंभवलीला कारखान्यात पाळीवर असतो. त्या सकाळचं नुसतं बोलणं निघालं तरी तो म्हणायचा, बाबांना रोजच काहीतरी सांगायचं असायचं. आणि विषय संपायचा.

माझी नात प्रतीक्षा टेबलाशी बसून डबा भरत होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे ती, माझ्याच वळणावर गेलेली, फक्त फोन जास्त बघते. तिनं मान वर केली. "नलूमावशी, हे शिकता येतं. स्वप्न पडत असताना आपल्याला कळतं, की हे स्वप्न आहे. लोक सराव करून शिकतात."

"कोन शिकवतं? क्लास असतो?"

"क्लास नाही. दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारायचं, मी जागी आहे का? आणि तपासायचं. हाताची बोटं मोजायची. कुठलीही मोजणी दोनदा करायची, स्वप्नात ती जुळत नाही. दिवसा सवय लागली की स्वप्नातही आपण तेच करतो आणि मग कळतं."

मला हे थोतांड वाटलं आणि मी तसं म्हणाले. प्रतीक्षानं फोन पुढे केला. मी चष्मा लावून वाचलं, निम्म्याला नाक मुरडलं, पण यावर प्रयोग झालेत आणि झोपलेल्या माणसांनी डोळे हलवून बाहेर खूण केली आहे, एवढं पदरात पडलं. झोपेतून खूण करता येते म्हटल्यावर मी थोतांड हा शब्द मागे घेतला.

"पहाटे लवकर उठायचं," प्रतीक्षा पुढे सांगत होती, "थोडा वेळ जागं राहायचं आणि परत झोपायचं. तेव्हा जास्त चांगलं जमतं."

"पाटे उठून परत निजायचं?" नलूनं तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मासळी कोन आननार, तुजी आजी?"

पण बंदी होती. वर्षातले एवढे दोनच महिने नलूला पहाटे परत झोपता येणार होतं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, की संपलं. मी कॅलेंडरवर खूण केली. अभ्यासक्रम पुरा करायला मुदत असली की मला हुरूप येतो.

तिला एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगितली. "हे बघ नलू, स्वप्नातला पुंडलिक तुझ्याच डोक्यातला असणार. तुला जे माहीत नाही, ते त्यालाही माहीत नसणार. नंतर मला दोष देऊ नकोस."

"माज्या घरात होता तवा बी माज्याच डोक्यावर बसलेला होता," ती म्हणाली. "तुमी शिकवा."

पहिला धडा बोटांचा. नलू रिक्षात बोटं मोजायची, बाजारात मोजायची, माझ्या जिन्यात मोजायची. ठकीनं तिला विचारलं, कोणाचं देणं मोजतेस? नलूनं सांगितलं, बाईंनी व्यायाम दिलाय.

दहाव्या दिवशी दारातच कपाळाला हात लावून उभी. "मोजली, बाई. सपनात मोजली. सहा होती."

"मग?"

"मग मना वाटलं, बरंच झालं. कोलंबी सोलायला एक जास्त."

प्रतीक्षा हसून हसून खुर्चीवरून घसरायची राहिली. "आणि मावशी, काका होते?"

"होता ना. बाजूलाच बसलेला. त्याला बोलली, बग, आता माजी कोलंबी लवकर होईल. तो बोलला, दाकव. मग हॉर्न."

मी तिला झापलं. सहावं बोट म्हणजे पुरावा, पुरावा हातात असून निष्कर्ष काढला नाहीस. असल्या चुकीला मी मुलांना शून्य द्यायचे. ती म्हणाली, "द्या. मी चौतीत पन खाल्लंय."

मग मोजणीचा धडा घेतला. बोंबील दोनदा मोजायचे. इथे तिनं हट्ट धरला. तिचा हात चुकत नाही, मग दोनदा कशाला? गिऱ्हाईक काय म्हणेल, नलूला आता मोजता येईना? मी म्हटलं, गिऱ्हाईक खूश होईल. शेवटी ती तयार झाली, पण दुसऱ्यांदा मोजताना तोंड असं करायची, जसं मी तिला चोर म्हटलंय.

खरं सांगायचं तर हा सराव मीही करत होते. घड्याळ दोनदा बघायचं, दुकानावरची पाटी दोनदा वाचायची, झोपताना मनाशी घोकायचं. महिनाभर प्रामाणिकपणे केलं. मला रोज परीक्षेच्या हॉलवर देखरेख करतानाची स्वप्नं पडली, आणि एकाही स्वप्नात मला शंका आली नाही, की निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेली बाई इथे काय करतेय. पदवीधर असल्याचा काही उपयोग झाला नाही.

जुलैच्या सुरुवातीला नलू आली ती फणफणत. जवळ्याची पुडी ओट्यावर आपटली. "ठकीशी मी बोलत नाय."

"का? काय झालं?"

"बोंबील चोरले तिनं."

"किती?"

"आदी मोजले तर शंबर. परत मोजले तर ऐंशी. परत मोजले, एक्याण्णव. वलांडीवरचे. बाजूला तिचीच वलांडी, दुसरं कोन घेनार?" वलांडी म्हणजे बोंबील सुकत घालायची बांबूची मांडणी, किनाऱ्यावर घराघरापुढे असते. "मी तिच्या झिंज्याच धरायला गेली. हा मागनं बोलवतोय, थांब जरा, एक सांगायचंय. मी बोलली, आदी हिला बगते."

मी विचारलं, "नलू, 'हा' म्हणजे कोण?"

ती थांबली. तोंड उघडं राहिलं.

"दोन दिवस झाले मी तिच्याशी बोलली नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "रिक्षात तोंड फिरवून बसली. ती बिचारी इचारते, काय झालं, काय झालं."

पस्तीस वर्षं शेजारी बसून मासळी विकलेल्या बाईचा मोजणीवर जेवढा विश्वास, तेवढाच शेजारणीवर अविश्वास. आकडा जुळला नाही तर जग खोटं, असं तिच्या मनात येणारच नव्हतं. आकडा जुळला नाही तर ठकी. आम्ही दोघींनी, मी आणि प्रतीक्षानं, हे आधीच ओळखायला हवं होतं.

नलू मात्र आता वेगळंच काहीतरी बघत होती. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. "बाई," ती म्हणाली, "या पावसात वलांडीवर बोंबील कोन घालतो?"

"कोणी नाही."

"कोनी नाय. येडा पन नाय घालत. सडून जाईल." तिनं मांडीवर थाप मारली. "बोटं राहू द्या तुमची. मना मोसम इचारा. मोसम माजा चुकत नाय."

हे तिचं तिनं शोधलं. फोनमध्ये नव्हतं, माझ्या डोक्यात तर नव्हतंच. त्या दिवसापासून तिनं बोटं सोडली आणि प्रत्येक गोष्टीला हटकायला लागली. चिंधूचा हॉर्न वाजला की पाटीला हात घालण्याआधी थांबायची आणि आत बघायची. काय हाय आत? सुका जवळा. आता काय चाललंय? आषाढ. मग बरोबर. चिंधू ओरडायचा, "नलूकाकी, पाटीत काय साप हाय का?" ती म्हणायची, "हाय, तुज्यासाटी ठेवलाय." दोनदा तिची रिक्षा चुकली. चिंधूनं नियम मोडला नाही. ती एसटीनं आली.

प्रतीक्षानं आणखी एक सांगून ठेवलं होतं. कळलं की हे स्वप्न आहे, तर आनंदानं जाग येते आणि सगळं हातचं जातं. तेव्हा तळहात एकमेकांवर चोळायचे, म्हणजे स्वप्न टिकतं.

जुलै सरत आला. ती रोज यायची, मी भुवया उंचवायचे, ती मान हलवायची. एकदा म्हणाली, "नायच येत आता. घाबरला काय, मास्तरीण लावलीय म्हणून?" मी म्हटलं, येईल. मलाच खात्री नव्हती. नारळी पौर्णिमेची खूण जवळ येत चालली होती आणि मी कॅलेंडरच्या बाजूला बघायचं टाळत होते.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला बेल वाजली. नलू पाटीशिवाय आली होती. बावीस वर्षांत पाटीशिवाय नलू मी पहिल्यांदा बघितली. तिचं डोकं किती लहान आहे, असं मला उगीच वाटून गेलं.

"चहा टाका," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर बसली. प्रतीक्षा कामाला गेली होती. मी चहा टाकला. कधी नव्हे ते, घाई केली नाही.

"पाटे उटली. परत निजली. तो बसलेला उंबऱ्यावर. मी पाटी उचलली, डोक्यावर घेतली, आनि मानेवरून पानी गळलं."

"पाणी?"

"पाटीतलं. मासळीचं. गार. पदर भिजला. मी बोलली, पानी कुटनं आलं? बंदी हाय. पाटी खाली घेतली. बगते तर सरंगा, भरून, हे एवडे." सरंगा म्हणजे पापलेट. तिनं पंजा पसरून आकार दाखवला. "आषाढात सरंगा? मी तितंच उबी राहिली. बाई, कळलं ना मना. सगळं कळलं. हा मेलेला हाय, मी निजलेली हाय, निमेश रातपाळीवरनं यायचाय, आनि हा बसलाय."

"हात चोळलेस?"

"चोळले. सपनात पन वास येतो मासळीचा, सांगून ठेवते."

"मग?"

"चिंधूचा हॉर्न वाजला. एक. मी बोलली, वाजव. दोन. वाजव. तीन. मी बसली त्याच्या बाजूला, उंबऱ्यावर. जा बोलली चिंधूला, जा तू. गेला. बाई, मी कदी रिक्षा सोडून बसली नव्हती. कदीच नाय."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तसाच राहू दिला.

"मग मी त्याला बोलली, सांग. त्या दिवशी काय सांगनार होतास? छातीत दुकत होतं?" नलू थांबली. तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं आता ही रडणार. तर ती हसत होती. "त्यानं सुई थांबवली. डोकं खाजवलं. वर बगितलं, खाली बगितलं. आनि बोलला, इसरलो."

"विसरलो?"

"इसरलो. असं बोलला, जसा काडेपेटी आनायला इसरायचा. मी हसली, बाई, इतकी हसली का सपान फाटत आलं. परत हात चोळले."

मी तिला आधीच सांगितलं होतं, की त्याला तिच्याहून जास्त काही माहीत असणार नाही. त्याची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं. पण ती पुढे बोलत होती.

"मग बसल्या बसल्या मना आठवलं. अहो, बोटात काटा गेला तर हा गाव गोळा करायचा. याच्या छातीत दुकलं असतं तर हा हळू बोलला असता काय, थांब जरा, एक सांगायचंय? नवापूर सोडा, तारापूरला आवाज गेला असता. दोन वर्सं मी हे इसरून बसली. त्यालाच बगून आठवलं."

छातीचं दुखणं प्रत्येक वेळी ओरडून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या भावाला नुसती ढेकर आल्यासारखं वाटलं होतं. हे मला माहीत होतं, जिभेवरही होतं. मी गाळणं घेतलं आणि चहा गाळला. खरं बोलायची संधी आली आणि मी सोडली, असं माझ्या हातून फारसं घडत नाही.

"मग काय केलंत दोघांनी?" मी बशी पुढे करत विचारलं.

"काय करनार? जाळ्याचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. तो विनत होता. मी राकेलचं काडलं नाय." तिनं चहा फुंकला. "लय वेळ बसलो. मग निमेशनं कडी वाजवली."

त्या दिवशी ती बाजारात गेली नाही. इथून थेट घरी परतली आणि संध्याकाळी ठकीकडे गेली, सुक्या बोंबलांचा एक जुडगा घेऊन. ठकीला अजून माहीत नाही, तो कशाबद्दल होता.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या. पहिल्या आठवड्यात नलू जिना चढून आली तेव्हा पाटीतून पाणी गळत होतं आणि माझ्या दारापर्यंत ठिपके उमटले होते. मी बोंबील मागितले. ती मोजायला लागली, लाभ, दोन, तीन, चार, एकदाच.

"दोनदा मोजायचं सोडलंस वाटतं?"

"माजा हात चुकतो काय?"

"आणि तो? येतो अजून?"

"आला ना परवा."

"कळलं तुला?"

"कसं कळनार? पाटीत खरीच मासळी हाय आता. कळलंच नाय." तिनं वर एक बोंबील टाकला. "भांडली मी. सुई हरवली त्यानं जाळ्याची. मी बोलली, आदी ती शोद, मग काय ते सांग."

"मग?"

"शोदत बसला," नलू म्हणाली. पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरायला लागली. खाली ठकी थांबली होती.